बायनाची मुलाखत

संघप्रियाला मुलाखतीला माणूस मिळेना, म्हणून शेवटी तिनं आपल्या आईलाच धरलं.

तशी ती आठवडाभर वस्तीत घरोघर हिंडली होती. परभणीच्या कॉलेजात भूगोलाच्या एम.ए.चं तिचं दुसरं वर्ष. यंदा प्रबंध लिहायचा होता, आणि तो पावसाच्या मिलिमीटरचा किंवा पेऱ्याच्या हेक्टरचा नव्हता. रेणुका मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, या पेपरासाठी माणसांपाशी जायचं, बसायचं, विचारायचं आणि मग तोंड मिटून ऐकायचं. गुणात्मक संशोधन म्हणतात त्याला. संघप्रियानं विषय घेतला, गायरान कसणाऱ्या बायकांच्या आठवणीतला भूगोल. मॅडम खूश झाल्या. बोरगव्हाणच्या बौद्धवस्तीतल्या बायकांना मात्र त्यात काही दम दिसेना.

"काय मिळंल गं ह्याच्यानं?" शेजारच्या सिद्धोधनची आई म्हणाली. "घरकुल का शेळ्या?"

"काय न्हाई मिळत काकू. मला मार्क मिळतेत."

"मंग तुज्या मायलाच इचार की."

दुसरी म्हणाली, "आन् मोबाईलमधी भरून घेनार म्हनं? नगं बाई. उद्या कुटं ऐकवलं तर?" ही बाई पुढं शहाणी ठरली, पण त्या दिवशी सगळ्या तिला हसल्या. संघप्रियाही हसली.

तिची आई सत्यशीला गायरानातल्या तुरीत होती. गावाच्या उत्तरेला माळावर हे गायरान. सरकारचं, गुरं चरायला सोडलेलं. संघप्रियाच्या आजोबानं त्यातले दगड वेचून दोन एकर रान केलं. वस्तीतल्या आणखी सहा घरांनीही तसंच केलं होतं. सातबाऱ्यावर एकाचंही नाव नव्हतं. पण त्या दोन एकरांत घराला पुरेल एवढी तूर आणि थोडंफार सोयाबीन निघे, आणि सत्यशीलाला वाटेत कुणी विचारलं, कुठं निघालीस, तर ती "आमच्या रानात" म्हणे. बाकी वर्षभर ती आणि तिचा नवरा दत्तराव दुसऱ्याच्या रानात राबत. तिथं "आमच्या" हा शब्द चालत नव्हता.

जानेवारी लागला होता. तूर वाळून कडक झाली होती. सत्यशीला वाकून बुडात कोयता घाली, झाड आडवं करी आणि मागं टाकी. मागं उरलेलं धसकट पायात शिरू नये म्हणून तिनं दत्तरावचे जुने बूट घातले होते, ते चालताना फटफट वाजत.

"इचार," ती म्हणाली. "पन हात चालू ठिव. त्यो दुसरा कोयता घे."

मॅडमनी सांगितलं होतं, माणूस जिथं काम करतो तिथंच मुलाखत घ्यावी, मोकळी होते. अर्धं काम आपल्यालाही करावं लागतं, हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं. संघप्रियानं मोबाईल ओढणीच्या टोकात बांधून गळ्यात अडकवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि आईच्या शेजारच्या ओळीला लागली. पहिल्या दिवशी नुसती धाप आणि कोयत्याचा आवाजच भरला गेला.

दुपारी कडुलिंबाखाली भाकरी सोडली तेव्हा तिनं संमतीपत्र काढलं. सत्यशीला चौथी शिकलेली. तिनं बोट फिरवत फिरवत ते सगळं वाचलं.

"लेकीला बोलायचं तर सई करावी लागतीय व्हय आता?"

"नेम हाय तसा. आन् तुजं नाव बदलायचं."

"कामून? माज्या नावाला काय झालं?"

"कोन बोललं ते कुनाला कळू ने म्हनून. गावाचं बी नाव लिवनार न्हाई मी. तूच सांग, काय नाव ठिवू तुजं?"

सत्यशीलानं कांदा बुक्कीनं फोडला. मग ती एकदम लाजल्यासारखी हसली. "बायना लिव."

"बायना कोन?"

"मीच की. झरीला मी बायनाच हुते. लगीन झालं तवा तुजा आजा म्हनला, बायना हे जुन्या वळनाचं, आपल्याला धम्मातलं नाव पायजे. मंग सत्यशीला केलं. दुसऱ्या दिवसापासून झाले सत्यशीला. आठ दिवस तर कुनी हाका मारल्या तरी मला कळायचं न्हाई, मलाच बोलवायलेत म्हनून."

सासरी गेली की नाव बदलायचं, ही चाल सगळीकडचीच. जुनं नाव माहेरच्या वेशीत राहतं आणि बाई नव्या नावानं म्हातारी होते. संघप्रिया तेवीस वर्षांची झाली होती, पण आपल्या आईचं खरं नाव तिला त्या दिवशी कळलं. तिला फार आनंद झाला. वहीत तिनं लिहिलंसुद्धा, टोपणनाव म्हणून जन्मनाव, किती सुंदर.

"पन हे गावात कुनाला म्हाईत न्हाई ना?"

"कुनाला असनार? एक सरजाबाई तेवडी झरीची. पर तिला कुटं वाचता येतंय."

सरजाबाई म्हणजे सरपंच बजरंगची आई. झरीच्या मोठ्या शेतकऱ्याची लेक, बोरगव्हाणला दिलेली. बजरंगच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा बायना सहा वर्षांची होती आणि तिची आई त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर कामाला होती. बाभळीला झोळी बांधून तान्ह्या बजरंगला घातलं की दोरी बायनाच्या हाती. पुढं नशिबानं बायना त्याच गावात नांदायला आली. सरजाबाई कधी रस्त्यात एकटी भेटलीच तर हळूच "बायने" म्हणे. चारचौघांत म्हणत नसे. सत्यशीलाला तेवढंही पुरत होतं.

सत्यशीलानं खाली सही केली. सत्यशीला दत्तराव, अशी, आता चालतं तेच नाव.

तिसऱ्या दिवशी तूर झोडपायला घेतली. खळ्यावर ताडपत्री, मधे उलटी टाकलेली बाज, तिच्या कडेवर पेंढी आपटायची. शेंगा तडतड फुटत, दाणे उडत, केसांत, चोळीत जात. दत्तराव पेंढ्या आणून देई आणि परत जाई. तो नसला की सत्यशीला बोले. कोणत्या दगडावर सासरा बसायचा, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठं संघप्रियाला पहिल्यांदा उभं केलं. मग ती मधेच थांबली.

"मंग काय झालं?" संघप्रियानं विचारलं.

"मंग काय. मंग पुन्याला गेलो."

एवढं म्हणून ती गप्प झाली. मॅडमनी याचाच तर सराव करून घेतला होता. समोरचा गप्प झाला की घाई करायची नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. माणूस ती पोकळी आपणच भरतो. संघप्रियानं मोजायला सुरुवात केली. सातवर आईनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"बैल मेला त्या साली. एका बैलावर काय नांगरतंस? तुला झरीला मामाकडं ठिवलं आन् आमी बांधकामावर गेलो, पुन्याकडं. तीन साल. धम्मानंद तिथंच झाला."

पाठचा भाऊ होता आणि तो गेला, एवढंच संघप्रियाला माहीत होतं. ताप आला होता, असं सगळे म्हणत.

"ताप न्हाई," सत्यशीला म्हणाली. "पान्याचा हौद हुता, सिमिटाला पानी घ्यायचा. मी घमेलं घिऊन वर गेलते, तिसऱ्या मजल्यावर. त्याला खाली वाळूत बसवलं हुतं. चालत न्हवता अजून, रांगायचा. मला वाटलं, रांगत कुटवर जाईल? उतरले तर वाळूत न्हाई. तुज्या बापानं काढला. दीड वर्साचा हुता. ठेकेदार म्हनला बोंबलू नका, काम बंद पडंल."

संघप्रियाच्या गळ्यात मोबाईल चालू होता.

"मंग आमी आलो परत. रान तीन साल पडीक. कमरंएवड्या बाभळी झालत्या. समद्या हातानं काढल्या, मी आन् तुज्या बापानं, मुळासकट. हाताला असं रगत. पर लय बरं वाटायचं बग मला बाभळी उपटताना. कुनावर तरी राग काढायलेय असं वाटायचं." तिनं पुन्हा पेंढी उचलली. "हे तुज्या बापापुडं बोलू नकू. बंद कर आता ते."

त्या रात्री संघप्रिया झोपली नाही, पण प्रबंधाचा सगळ्यात चांगला भाग आपल्या हाती लागला आहे, हेही तिला कळत होतं. दोन्ही गोष्टी तिच्या पोटात एकदमच होत्या आणि तिला स्वतःची थोडी भीती वाटली. तिनं वस्तीतल्या आणखी पाच बायकांना कसंबसं बोलतं केलं. त्यांनी थातूरमातूर सांगितलं. मॅडमनी सगळं वाचलं, बायनाचं प्रकरण दोनदा वाचलं आणि डोळे पुसले. "हे सोनं आहे, संघप्रिया," त्या म्हणाल्या. त्या प्रकरणाला तिनं नाव दिलं, पडीक तीन वर्षं.

मार्चमध्ये प्रबंध बांधून झाला. तेव्हा मॅडमनी शेवटची गोष्ट सांगितली. लोकांकडून घेतलेलं लोकांना परत करायचं असतं. आपण गावातून माहिती उचलून न्यायची आणि गावाला त्याचा पत्ता नाही, ही लूट झाली. संघप्रियाला ते मनापासून पटलं. तिनं एक जादा प्रत बांधून घेतली आणि स्वतःच्या हातानं बोरगव्हाणच्या ग्रामपंचायतीत नेऊन दिली.

बजरंगनं तिचा सत्कार केला. शाल, नारळ, माईक. "वस्तीतली पोरगी एवडं मोटं पुस्तक लिवतीय, आपल्या गावाची शान हाय," तो म्हणाला, आणि खोटं बोलला नाही. सत्यशीला मागं सतरंजीवर बसली होती. टाळ्या वाजवताना तिचे हात आधी जमेनात. दत्तरावनं घरी आल्यावर शाल खुंटीला लावली, घडी न मोडता.

प्रत बजरंगच्या घरी गेली. त्याची मुलगी भक्ती बारावीची परीक्षा देऊन रिकामी होती. सुट्टीत आजीला काहीबाही वाचून दाखवणं हा तिचा उद्योग. तिनं हे पुस्तक घेतलं. बायना हे नाव आलं तेव्हा सरजाबाईनं फक्त मान वर केली. माहेरचं आलं, झोळी आली, पाण्याचा हौद आला, तेव्हा ती मोठ्यानं रडली.

"आगं ही आमची बायना!" ती म्हणाली. "सत्यशीला! दत्तरावची! पोर असं गेलं व्हय तिचं? मला बोलली न्हाई गं कदी."

बजरंग ओसरीत जेवत होता. त्यानं ऐकलं आणि भाकरी पुढं खाल्ली. तेव्हा त्याच्यासाठीही ती एक दुःखाची गोष्ट होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई वस्तीवर चालत आली. अशी ती कधी आली नव्हती. घरात काही ती शिरली नाही, पण दाराच्या दगडावर बसली, सत्यशीलाच्या हातचं पाणी प्यायली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बायने, एवडं पोटात ठिवून कशी गं फिरलीस माज्या दारावरून?" सत्यशीला तिच्या गुडघ्याला डोकं लावून रडली. वस्तीतल्या बायका जमल्या. संघप्रियाला वाटलं, आपल्या अभ्यासानं हे घडवलं. आयुष्यात एवढा अभिमान तिला पुन्हा कधी वाटायचा नव्हता.

बावीस दिवसांनी नोटीस लागली.

गायरानावर सोलरचे पॅनल बसणार होते. ज्यांचं अतिक्रमण होतं त्यांनी रान सोडायचं. मात्र ठरलेल्या सालापासून आजवर सलग, एकाही वर्षाचा खंड न पडता जमीन कसल्याचं जो दाखवील, त्याचा दावा ऐकून घेऊन त्याचं रान वगळलं जाईल. कागद तर सातही जणांकडे नव्हते. एकमेकांची गवाही हाच पुरावा. सात घरांनी बसून ठरवलं, सगळ्यांनी सगळ्यांसाठी सांगायचं. त्यातलं सत्यशीलाचं रान रस्त्याला लागून होतं. पॅनलच्या गाड्या आत न्यायच्या तर तिथूनच.

संघप्रियानं नोटीस वाचली, पुन्हा वाचली आणि तिला आपल्या प्रकरणाचं नाव आठवलं, पडीक तीन वर्षं. तिनं घरी येऊन आईला सांगितलं.

"पन नाव बदललंस न्हवं तू माजं?" सत्यशीला म्हणाली.

"बदललं की. बायना केलं."

सरजाबाई त्याच दगडावर बसून काय म्हणाली होती, ते दोघींनाही एकदमच आठवलं.

दत्तरावनं पुस्तक वाचलेलं नव्हतं. काय काय लिहिलं आहे ते संघप्रियानं त्या दिवशी त्याला सांगितलं. हौदाचं सांगताना तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा सत्यशीलाला एवढंच म्हणाला, "तुला कुनी सांगितलं हुतं बोलायला?" लेकीनं विचारलं होतं, म्हणून ती बोलली होती.

सुनावणी मेच्या मधल्या आठवड्यात तालुक्याला लागली. सत्यशीलानं जयंतीला घेतलेलं पांढरं पातळ नेसलं. सकाळी दहाला पुकारा होणार होता. तीन वाजेपर्यंत सगळे व्हरांड्याच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले. पाण्याचा माठ रिकामा होता. शिपाई जाता-येता "पाय घ्या, पाय घ्या" म्हणे आणि सत्यशीला दर वेळी पाय पोटाशी घेई.

आत सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढं आधी सिद्धोधनची गवाही झाली. "दत्तरावचं रान एक साल बी पडलं न्हाई साहेब," तो म्हणाला. "आमी शेजारी हाव. आमच्या डोळ्यापुडं पेरतेत." साहेबांनी लिहून घेतलं. मग बजरंगनं पिशवीतून प्रबंधाची प्रत काढली. त्यात पान ओळखायला बसचं तिकीट घातलं होतं.

"साहेब, माझी कुनाशी दुश्मनी न्हाई," तो म्हणाला. "पन गावाचं काम हाय. हे त्यांच्याच पोरीनं लिव्हलंय."

साहेबांनी ते पान सावकाश वाचलं. साहेब वाईट माणूस नव्हता. वाचता वाचता त्यानं पंखा वाढवायला सांगितला आणि मग संघप्रियाला पुढं बोलावलं.

"हे पुस्तक तुझं?"

"हो सर."

"यातली ही बायना कोण?"

"सर, ते सांगता येत नाही. नाव गुप्त ठेवायचं असतं. तसं मी संमतीपत्रावर लिहून दिलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "बाळ, हे कॉलेज नाही. इथं नाव लागतं."

"सत्यशीलाबाईचं झरीचं नाव हाय ते," बजरंग म्हणाला. "माझ्या आईनं वळखलं. तिला लहानपणापासून म्हाईत हाय."

दत्तरावनं मागून संघप्रियाच्या पाठीला बोट लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मनानं लिव्हलंय म्हन."

संघप्रियाला वर्ग आठवला. संशोधकानं खोटी माहिती रचली तर प्रबंध रद्द होतो, पदवी मिळत नाही. मॅडमचे ते ओले डोळे आठवले. मग तिनं आईच्या पायातले बूट पाहिले, दत्तरावचे, ती तेच घालून आली होती.

"सर," ती म्हणाली, "ते तसं घडलेलं नाही. मी मनानं लिहिलंय."

"पुण्याला गेल्याचं?"

"हो."

"तीन वर्षं जमीन पडीक होती हे?"

"ते पण."

"तसं लेखी द्यावं लागेल. तुझ्या कॉलेजलाही कळवावं लागेल मला."

"देते सर."

साहेबांनी पान उलटलं. त्यांनी विचारलं, "आणि हे बाळाचं? हौदाचं?"

संघप्रियानं खाली बघितलं. "ते पण मनानं."

कारकुनानं कागद पुढं ओढला आणि लिहायला लागला. तेवढ्यात सत्यशीला उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बूट फटफट वाजवत ती टेबलापर्यंत आली आणि कारकुनाच्या कागदावर तिनं हात ठेवला.

"लिवू नका," ती म्हणाली. "माझं लेकरू मनानं लिवलेलं न्हाई."

"सत्यशीला, बस खाली," दत्तराव म्हणाला.

"बसते. सांगून बसते. साहेब, बायना मीच हाय. तीन साल आमी पुन्याला हुतो. रान पडीक हुतं. दीड वर्साचं पोरगं माजं हौदात गेलं. तिथं कुनी लिवून घेतलं न्हाई, ना ठेकेदारानं, ना पोलिसानं. हितं लिवा. धम्मानंद दत्तराव. ह्या पोरीनं पुस्तकात नाव टाकलं न्हाई त्याचं, तेवडंच चुकलं तिचं."

साहेबांनी तिला खुर्ची द्यायला सांगितली. ती बसली नाही. त्यांनी बराच वेळ लिहिलं, मग वाचून दाखवलं. तीन वर्षं खंड पडल्याचं अर्जदारास मान्य. त्यात धम्मानंदचं नाव नव्हतं. सत्यशीलानं सगळं ऐकून घेतलं, ते नाव येईल म्हणून शेवटच्या ओळीपर्यंत थांबली, आणि मग सही केली.

बाहेर सिद्धोधन एसटीच्या थांब्यावर लांब उभा राहिला. त्याला साहेबानं खोटं बोलल्याबद्दल दोन शब्द सुनावले होते. "आमी तुमच्यासाठी बोललो काकू," एवढंच तो म्हणाला. पुढं बाकीच्या सहा घरांचं प्रकरण तसंच लोंबकळत राहिलं आणि त्याचाही बोल सत्यशीलालाच लागला. जूनमध्ये, सगळीकडं पेरण्या चाललेल्या असताना, तिच्या दोन एकरांत लोखंडी खांब उभे राहायला लागले. लिंब पहिल्याच दिवशी तोडला. सत्यशीला बजरंगच्या रानात सरकी टोबायला, एकेक बी हातानं मातीत खोचायला जाई. तिथून ते खांब दिसत, म्हणून ती उलट्या दिशेला तोंड करून टोबत असे. मुकादम म्हणायचा, बाई, सरळ तासानं चला की. सरजाबाई पुन्हा वस्तीवर आली नाही. एकदा रस्त्यात समोरून आली आणि पदर ओढून घेऊन कडेनं निघून गेली.

जुलैत संघप्रियाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक प्रबंधावर खूश होते. बायनाची मुलाखत त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. "इतका विश्वास कसा मिळवलात तुम्ही?" त्यांनी विचारलं. संघप्रियाला काही बोलता येईना. परीक्षकांना वाटलं मुलगी विनयशील आहे. शंभरातले चौऱ्याऐंशी मार्क मिळाले, वर्गात सगळ्यात जास्त. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. झालेलं तिनं मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मॅडम म्हणाल्या असत्या, हेही लिही.

घरी आली तेव्हा दुपार होती. सत्यशीलाला त्या दिवशी काम नव्हतं. जात्यापुढं बसून ती तूर भरडत होती. जानेवारीत दोघींनी झोडपलेली, त्या रानातली शेवटची. डाळ एका सुपात, चुणी दुसऱ्या. दत्तराव सुनावणीपासून दोघींशीही कामापुरतंच बोलत होता. खुंटीवरची शाल तशीच होती, तिच्यावर धूळ बसली होती.

"आई, पास झाले."

"बरं झालं माय."

संघप्रिया तिच्यासमोर बसली. जात्याच्या खुंट्याला तिनंही हात लावला, दोघी मिळून फिरवायला लागल्या. चार-पाच फेरे झाले. आईच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. संघप्रियाला राहवेना.

"आई, तुज्या मनात काय चाललंय, सांग की गं. माज्यावर राग काड. शिव्या दे. काईबी बोल."

सत्यशीलाचा हात थांबला. तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, मग गळ्याकडं. ओढणीच्या टोकात बांधलेला मोबाईल तिथं लोंबत होता. एसटीत चोरीला जाऊ नये म्हणून संघप्रियाला तशी सवयच लागली होती.

"ते आधी भाईर ठिवून ये," सत्यशीला म्हणाली.

"बंद हाय आई ते."

"असू दे. भाईर ठिवून ये."

संघप्रियानं गाठ सोडली. मोबाईल अंगणातल्या भिंतीवर ठेवला, त्याच्यावर एक टोपलं पालथं घातलं आणि आत येऊन पुन्हा आईसमोर बसली. तिनं काही विचारलं नाही. तिला शिकवलं होतं तसं ती गप्प राहिली. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं, शंभर झाले. सत्यशीलानं जात्यात मूठभर तूर टाकली आणि ती एकटीच फिरवायला लागली.